डब्याची मागची बाजू

जानेवारी २०२३मध्ये बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात देशभरातून आलेल्या जुन्या मोटारी रांगेने उभ्या होत्या. ‘ट्वेंटी वन गन सॅल्यूट’ या स्पर्धेचे त्या वर्षीचे पर्व बडोद्यात भरले होते. अशा मोटारींच्या मागे जाणकार माणसे असतात आणि कोणत्या इंजिनात कोणते तेल पडते याची त्यांच्याकडे काटेकोर नोंद असते. त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, महामार्ग आणि मकरपुरा औद्योगिक वसाहत यांच्या शेजारी, तरसाली आहे. इथल्या जुन्या गाड्यांना कोणी हार घालत नाही. पहिल्या पाळीच्या कामगाराला वेळेवर पोहोचवणारी पंधरा वर्षांची मोटरसायकल, मंडपाचे सामान वाहणारा छोटा टेम्पो, मुलांना शाळेत सोडणारी जुनी मारुती, अशी ही मंडळी. त्या चालल्या तर घर चालते. म्हणून तेलाबद्दलची चोख माहिती खरे तर या गाड्यांना जास्त हवी. त्यांच्या वाट्याला बहुधा एकच तयार सल्ला येतो : ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल टाका.’ हा सल्ला तपासून पाहणे, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल. तेल गाडीच्या वयावरून ठरत नाही. ते इंजिन घडवताना कारखान्याने भागांमध्ये ठेवलेल्या फटीवरून आणि त्या भागांना लागणाऱ्या रसायनांवरून ठरते. त्यातून ठरणारा दाटपणा आणि रसायनांचा वर्ग या दोन्ही गोष्टी गाडीच्या पुस्तिकेत आणि डब्याच्या मागच्या बाजूला छापलेल्या असतात.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर झाले, तेही गांधीनगरच्या गुंतवणूकदार परिषदेत. त्या धोरणाने खासगी गाडीचे आयुष्य पंधरा वर्षांवर सरसकट कापलेले नाही. गाडी तपासणीत उतरली, तर नोंदणीचे नूतनीकरण करून ती पुढे चालवता येते. म्हणजे गाडीचे भवितव्य तिच्या जन्मतारखेइतकेच तिच्या प्रकृतीवर अवलंबून आहे, आणि इंजिनाची प्रकृती बरीचशी तेलावर. वयावरून तेल ठरत नाही, याचा सर्वांत सोपा पुरावा रस्त्यावरच मिळतो. बजाजची पल्सर आणि हिरो होंडाची स्प्लेंडर या एकाच वर्षी घेतलेल्या दोन गाड्या समोर ठेवा. दोघी त्याच धुळीत, त्याच उन्हात तेवढ्याच झिजल्या आहेत. पल्सरला तिची कंपनी २०डब्ल्यू-५० सांगत आली आणि स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३०. वय सारखे, हवा सारखी, तरी तेल वेगळे. ज्याने इंजिन घडवले त्याने फटी, पंप आणि तेलाचे मार्ग वेगळे ठेवले, म्हणून तेल वेगळे.

या आकड्यांचा अर्थ आधी नीट लावू. तेलाच्या दाटपणाची ही वर्गवारी अमेरिकेतील ‘एसएई’ या अभियंत्यांच्या संस्थेची आहे. २०डब्ल्यू-४० मधला ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा थंड इंजिन फिरवताना तेल किती आड येते ते सांगतो, आणि नंतरचा आकडा शंभर अंश सेल्सिअसला ते किती दाट उरते ते सांगतो. ३० या वर्गातले तेल शंभर अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (हे दाटपणाचे एकक) दाट असते, ४० वर्गातले १२.५ ते १६.३ आणि ५० वर्गातले १६.३ ते २१.९. तिथे तफावत मोठी दिसत नाही. मात्र चाळीस अंशांना, म्हणजे बडोद्यातल्या मे महिन्याच्या दुपारच्या हवेइतक्या तापमानाला, ५डब्ल्यू-३०चा दाटपणा साधारण साठीच्या घरात असतो, तर २०डब्ल्यू-५०चा दीडशेच्या पुढे. उन्हाळा कडक म्हणून जाड तेल घाला, असे जे म्हटले जाते त्याची मर्यादा इथे दिसते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात एकदा गरम झाल्यावर तेलाचे तापमान मुख्यतः इंजिनच ठरवते, बाहेरच्या हवेचा वाटा कमी असतो. हवेने थंड होणाऱ्या मोटरसायकलींवर उन्हाचा परिणाम अधिक होतो, हे खरे. म्हणूनच अनेक पुस्तिकांत हवेच्या तापमानानुसार दोन-तीन पर्याय दिलेले असतात. आपल्या हवेला बसणारा पर्याय त्यातून निवडायचा.

आता त्या फटीकडे येऊ. क्रँकशाफ्ट आणि तिचे बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच मोकळीक असते, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. चालत्या इंजिनात शाफ्ट या फटीतल्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरते आणि धातूला धातू लागत नाही. फटीच्या मानाने तेल फार पातळ असेल तर पापुद्रा फाटतो. फार दाट असेल तर तेल पुरेशा वेगाने आत शिरत नाही आणि घर्षणाची उष्णता वाहून नेत नाही. तेलाच्या दाबाचा काटा वर गेला की मालकाला बरे वाटते. पण दाब हे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचेही माप आहे. दाट तेलाने काटा चढतो तो अनेकदा तेल पुढे सरकायला कुरकुरते म्हणून. दाब फार वाढला की पंपाजवळची झडप उघडते आणि तेल बेअरिंगकडे न जाता मागे तेलाच्या टाकीत पडते. फिल्टरपाशीही अशीच एक झडप असते. थंडीच्या सकाळी घट्ट तेल कागदातून जाईना, की ती उघडते आणि न गाळलेले तेल थेट इंजिनात जाते. इंजिनाच्या झिजेचा मोठा हिस्सा चालू करण्याच्या या पहिल्या क्षणांत होतो. जुन्या इंजिनाला जपण्यासाठी म्हणून घातलेले फाजील दाट तेल नेमके त्याच क्षणी त्याला कोरडे ठेवते.

यावर गॅरेजमधून येणारा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. मेकॅनिक म्हणतो, मी जाड तेल घालतो आणि धूर कमी होतो, टकटक थांबते, तेल खाणे घटते, मग ते चुकीचे कसे? त्याचे निरीक्षण खरे आहे. झिजलेल्या पिस्टन-रिंगांतून दाट तेल कमी निसटते आणि वाढलेल्या फटीतला आवाज ते दाबते. प्रश्न पुढचा आहे. धूर कशामुळे येत होता ते या उपायाने कळले का? गाडी रात्रभर उभी राहून सकाळी चालू करताना निळसर धूर टाकते आणि मग निवळते, तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर जातो. चढावर, वजन ओढताना सतत निळा धूर येतो, तर तो रिंगांवर. श्वासनळी, म्हणजे इंजिनातला कोंडलेला वायू बाहेर सोडणारी नळी, तुंबली तरी तेल जिथून वाट मिळेल तिथून बाहेर येते आणि मालकाला वाटते सील गेले. यातला फरक ओळखायला कंप्रेशनची, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची, साधी चाचणी बरीच मदत करते. आधी कोरडे माप घ्यायचे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा मोजायचे. आकडा बराच चढला तर रिंगा झिजल्या आहेत, कारण तेलाने त्यांची फट तात्पुरती बुजवली. आकडा तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्ह किंवा हेडच्या बाजूला आहे. सीलचे काम रिंगांच्या आणि बोअर-पिस्टनच्या कामापेक्षा खूपच लहान असते. ते न करता जाड तेल घालत राहणे म्हणजे ताप मोजायच्या आधीच गोळी देणे. माप घेऊन रिंगा झिजल्याचे कळले, इंजिन काम आत्ता परवडत नाही आणि पुस्तिका एक पायरी वरच्या तेलाला मुभा देते, तर ३०वरून ४०वर किंवा ४०वरून ५०वर जरूर जावे. तो समजून घेतलेला निर्णय आहे.

उलट दिशेची चूकही तितकीच धोक्याची आहे. नव्या मोटारींत ०डब्ल्यू-२०सारखी फार पातळ तेले वापरली जातात, कारण त्यांनी इंधन वाचते आणि ती इंजिने त्यासाठीच घडवलेली असतात. ‘नवे तेच चांगले’ म्हणून ते जुन्या मारुती ८००मध्ये घालणे म्हणजे तिच्या फटी आणि तिचा पंप यांच्या हिशेबाबाहेर जाणे.

दाटपणा हा निवडीचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा तेलात मिसळलेल्या रसायनांचा आहे. त्याची ओळख ‘एपीआय’, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या अक्षरांवरून होते. ‘एस’ने सुरू होणारे वर्ग पेट्रोल इंजिनांचे, ‘सी’ने सुरू होणारे डिझेलचे. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे, तितका वर्ग नवा. एसएन २०१०चा, एसपी २०२०चा आणि एसक्यू २०२५चा. एपीआय स्वतः जुन्या वर्गांना कालबाह्य म्हणते. एसएफ हा वर्ग १९८८नंतर बनलेल्या पेट्रोल इंजिनांना पुरेसा नाही, असे ती स्पष्ट सांगते. तेव्हा २००५ साली घेतलेल्या गाडीसाठी ‘जुनी गाडी, साधे तेल चालेल’ म्हणून एसएफचा डबा उचलणे ही काटकसर होत नाही, कारण ते तेल त्या गाडीच्या जन्माआधीच मागे पडलेले आहे.

इथे जाणकारांचा एक आक्षेप येतो. नव्या वर्गांत जस्त आणि फॉस्फरस असलेले झीजरोधक रसायन कमी केले आहे. मग अँबॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीसारख्या, पुशरॉड आणि सपाट टॅपेट असलेल्या इंजिनांच्या कॅमला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला, नवे तेल मारक नाही का? आक्षेपाला आधार आहे. फॉस्फरस धुराबरोबर जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून २००४पासून त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के ठरवली गेली. मात्र ही मर्यादा इंधन वाचवणाऱ्या पातळ तेलांना लागू आहे : २० आणि ३०च्या वर्गांना. २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० या दाट वर्गांवर ती नाही. जुन्या अँबॅसडर-पद्मिनीला लागते तेही याच दाट वर्गातले तेल. म्हणजे पुस्तिकेत सांगितलेला दाटपणा पाळला, तर जस्ताचा प्रश्न बव्हंशी आपोआप सुटतो. त्यासाठी वेगळी बाटली आणून तेलात ओतायची गरज नाही. तेलातली रसायने एकमेकांशी तोलून मिसळलेली असतात आणि वरून घातलेला डोस तो तोल बिघडवू शकतो.

तरसालीसारख्या भागात दुचाकी घरोघरी असते, म्हणून तिच्याबद्दल वेगळे सांगायला हवे. बहुतेक मोटरसायकलींत क्लचच्या चकत्या इंजिनाच्याच तेलात बुडालेल्या असतात. मोटारीच्या तेलात इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती या चकत्यांवर बसली की क्लच घसरू लागतो : गाडी आवाज करते पण ओढत नाही, आणि मालक समजतो क्लच प्लेटा गेल्या. हे टाळण्यासाठी जपानी मानक संस्थेने १९९८पासून ‘जासो एमए’ आणि ‘एमबी’ अशा खुणा ठरवल्या. ओल्या क्लचच्या मोटरसायकलीला एमए किंवा एमए२ हवे. होंडा ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिला एमबी चालते. एकाच घरात स्प्लेंडर आणि ॲक्टिव्हा असेल, दोन्ही डब्यांवर १०डब्ल्यू-३० लिहिलेले असेल, तरी तेल एक नाही. जुन्या बजाज चेतकसारख्या टू-स्ट्रोक स्कूटरचे शास्त्र तर निराळेच. तिथे तेल पेट्रोलबरोबर जळते, लिटरला साधारण वीस मिलिलिटर या प्रमाणात, आणि त्यासाठी २टी तेलच लागते. फोर-स्ट्रोकचे तेल त्यात घातले तर राख साचून प्लग आणि धुराडे दोन्ही तुंबतात.

‘सिंथेटिक घाला, सगळे प्रश्न मिटतील’ हा दुसरा प्रचलित सल्ला. सिंथेटिक तेल उष्णता जास्त सोसते आणि थंडीत लवकर वाहते, हे निर्विवाद आहे. पण हा शब्द शुद्ध रसायनशास्त्राचा राहिलेला नाही. १९९९मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या तेल कंपन्यांमध्ये या शब्दावरून वाद झाला आणि कच्च्या तेलापासूनच, पण खूप खोलवर प्रक्रिया करून मिळवलेल्या तेलालाही सिंथेटिक म्हणण्यास मोकळीक मिळाली. म्हणून या शब्दापेक्षा दाटपणाचा आकडा, एपीआयचा वर्ग आणि जासोची खूण यांना अधिक वजन द्यावे. सिंथेटिकने जुन्या गाडीची सील गळतात, या भीतीतही अर्धे सत्य आहे. सुरुवातीच्या काळातली काही सिंथेटिक तेले रबर आकसवीत, आजची तसे करत नाहीत. मात्र वर्षानुवर्षे साचलेल्या गाळाने एखादी तडकलेली सील झाकली असेल आणि चांगल्या तेलाने तो गाळ धुतला, तर गळती उघडी पडते. दोष आधीच तिथे होता.

या सगळ्याहून मोठे काम वेळेवर तेल बदलण्याचे आहे. तरसालीहून मकरपुऱ्याच्या कारखान्यात जाणारी गाडी जेमतेम काही किलोमीटर धावते. इंजिन पुरते तापते न तापते तोच बंद होते. जळताना तयार झालेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते, आणि तेल तापलेच नाही तर ही दोन्ही उडूनही जात नाहीत. त्यामुळे किलोमीटर कमी भरले तरी तेल खराब होत राहते. पुस्तिकेत ‘इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असे लिहितात ते यासाठी. स्प्लेंडरसारख्या गाडीत कागदी फिल्टर नाही, एक जाळी आणि क्रँकवर फिरणारी चकती गाळ धरून ठेवते. तिथे तर तेल बदलणे हीच खरी सफाई.

तेल निवडण्याइतकेच ते ओळखणेही शिकता येते. काळे दिसले म्हणून तेल गेले असे नाही. डिझेल इंजिनात ते लवकर काळे पडते, कारण काजळी धरून ठेवणे हेच त्याचे काम आहे. गरम इंजिनाच्या डिपस्टिकवरचा एक थेंब टीपकागदावर सोडा आणि तासा-दोन तासांनी पाहा. काळेपणा मधून बाहेर सावकाश, राखाडी होत पसरला असेल, तर तेल अजून घाण पेलते आहे. मध्ये घट्ट काळा ठिपका, त्याला धारदार कड आणि बाहेर नितळ तेलाचे कडे असेल, तर घाण धरून ठेवण्याची ताकद संपली. पाण्याची परीक्षा आणखी सोपी. गरम केलेला जुना लोखंडी तवा आचेवरून उतरवून, मोकळ्या जागी, चेहरा दूर ठेवून त्यावर एक थेंब टाकला आणि तो तडतडला, तर तेलात पाणी आहे. ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून पस्तीस फुटांच्या वर गेली आणि बडोद्यातल्या असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. अशा गाडीच्या डिपस्टिकवर तेल दुधाळ, चहासारखे दिसते. तेव्हा महाग तेलाने उपयोग नाही. गाडी अजिबात चालू न करता तेल पाडायचे, फिल्टर बदलायचा, योग्य दाटपणाचे साधे तेल भरून थोडा वेळ इंजिन फिरवायचे आणि तेही पाडायचे. दुधाळपणा पूर्ण जाईपर्यंत हे करायचे आणि मगच नेहमीचे तेल भरायचे.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो सर्वांत खरा. जुनी गाडी बहुधा हातात पैसा कमी असलेल्याकडे असते. पण या लेखातली कोणतीच सूचना महागाकडे नेत नाही. पुस्तिकेने सांगितलेल्या वर्गाचे साधे खनिज तेल वेळेवर बदलले, तर ते दुप्पट काळ चालवलेल्या महाग तेलापेक्षा इंजिनाला अधिक जपते. वर दोन पैसे मोजायचेच असतील, तर ते पक्क्या दुकानातून, सील शाबूत असलेला डबा घेण्यासाठी मोजावेत. रिकामे डबे पुन्हा भरून विकले जातात. म्हणून डबा संपला की त्याला भोक पाडून टाकणे हे जबाबदार ग्राहकाचे काम आहे. पाडलेले तेल गटारात किंवा मातीवर ओतू नये. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते, आणि १ एप्रिल २०२४पासून तेल बनवणाऱ्यांवरही ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी आली आहे. तेलाचा मूळ द्रव इंजिनात संपत नाही. संपतात ती त्यातली रसायने, आणि साचते ती घाण. ती काढून टाकली तर तोच द्रव पुन्हा वंगण होऊ शकतो.

आता पुन्हा डब्याकडे. त्याच्या मागच्या बाजूला सगळे लिहिलेले असते, पण बहुतेकदा बारीक इंग्रजीत. १८९०मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सोपवली, ती यंत्रविद्या कारागिराला त्याच्या भाषेत शिकवता यावी या विचाराने. त्याच बडोद्यात, तरसालीला, आज औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे आणि आसपास गॅरेजे आहेत. तरी दुकानाच्या काउंटरवर निर्णय होतो तो ‘जाड द्या’ या दोन शब्दांवर. गाडीच्या पुस्तिकेतले एक पान मराठीत किंवा गुजरातीत उतरवून गॅरेजच्या भिंतीवर लावले, त्यात प्रत्येक गाडीसमोर दाटपणाचा आकडा, एपीआयचा वर्ग, जासोची खूण आणि बदलण्याची मुदत अशा चार गोष्टी लिहिल्या, तर कलाभवनाचा तो विचार पुढे गेला असे म्हणता येईल. पहिल्या पाळीला निघणाऱ्या त्या मोटरसायकलीच्या मालकाला मग दुकानदारावर विसंबावे लागणार नाही. तो डबा हातात घेईल, उलटा करील, खुणा जुळवील आणि मगच पैसे देईल.